मधलं नाव

३ जानेवारी

वहिनीबाई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. कंबर धरली आहे, वाकता येत नाही.

आज शेजारचे चष्मेवाले दुकानात आले आणि बातमी देऊन गेले. आपल्या विद्यापीठाचे संध्याकाळचे वर्ग बंद होणार आहेत. जे शिकतायत त्यांनी पुढच्या वर्षापासून दिवसाच्या वर्गात यावं म्हणे. दिवसा येता आलं असतं तर ती माणसं संध्याकाळी कशाला आली असती, हे नियामक मंडळातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझं डोकं असं फिरलं की एका गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी पोट साफ व्हायचं औषध देत होते. त्यानेच बाटली वाचली म्हणून बरं.

आपण कशा शिकलो ते तुला सांगायला नको. मी दिवसभर दुसऱ्याच्या औषधाच्या दुकानात उभी, तू कचेरीत टाइप करत बसलेली, आणि संध्याकाळी दोघी धापा टाकत वर्गात. नाव दोघींचं एकच, म्हणून हजेरी घेताना सर विचारायचे, "बारकी की दांडगी?" बारकी तू, दांडगी मी. पुढे मी लग्न करून माझं आडनाव मागे टाकून गेले आणि दोन वर्षांनी तू दादाशी लग्न करून तेच उचलून लावलंस. माझे जुने स्वेटर वापरायचीस तसंच.

आता मुद्द्याचं. मंडळावर माजी विद्यार्थ्यांची एक जागा असते, ती यंदा रिकामी होते आहे. वीस माजी विद्यार्थ्यांनी सह्या करून उमेदवार सुचवायचा, मग सगळ्या पदवीधरांनी टपालाने मत द्यायचं. आत्तापर्यंत एकच नाव पुढे आलं आहे, त्या कंत्राटदार साहेबांचं. संध्याकाळच्या वर्गांची इमारत पाडून तिथे काय उभारायचं याचा नकाशासुद्धा त्यांच्याकडे तयार आहे म्हणतात. दुसरं कुणी उभं राहिलं नाही तर ते बिनविरोध जाऊन बसतील.

तू उभी राहा. सह्या मी आणते, इथे आपल्याकडून शिकून आलेले ढीगभर आहेत. मी स्वतः का नाही असं विचारशील. मी पहिल्याच बैठकीत कुणाच्या तरी अंगावर चहा सांडीन. तिथे तुझ्यासारखं हळू बोलणारं आणि समोरच्याला खाली मान घालायला लावणारं माणूस हवं. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "बघू" म्हणून मोकळी होतेस. पत्रात "बघू" लिहायची तुला लाज वाटेल.

तुझी,
दांडगी


११ जानेवारी

वन्सं,

बघू.

लिहिलं की नाही? लाज वगैरे काही वाटली नाही. आणि फोनपेक्षा पत्र मलाही बरं. फोनवर तुझ्यापुढे माझं एक वाक्य पुरं होत नाही.

खरं सांगते, पत्र वाचून मी ते घडी करून ठेवूनच दिलं होतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं, आत्ता कुठे निवृत्त होऊन दुपारची झोप मिळायला लागली आहे. पण परवा सून घरी आली. तुला माहीत आहे, ती दिवसा रक्तपेढीत नोकरी करते आणि संध्याकाळी आपल्याच वर्गात शिकते. चपला काढल्या आणि दारातल्या स्टुलावरच बसून राहिली. म्हणाली, "आई, एकच वर्ष राहिलं होतं." मग आत जाऊन पोळ्या करायला लागली. तिची पाठ बघून माझं "बघू" संपलं.

उभी राहते. इतकी वर्षं गावाच्या पाण्यात काय आहे ते सांगत आले, आता मंडळातलं कोण किती पाण्यात आहे तेही बघू.

तुझ्या चहा सांडण्याच्या गोष्टीवर मात्र माझा विश्वास नाही. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत तू पडलीस, ते तुला अजून टोचतं. तेव्हापासून तू सगळ्यांना उभं करतेस आणि स्वतः मागे राहतेस. असो, तो विषय मी काढला नाही असं समज.

एक विचारायचं होतं. अर्जावर माझं नाव कोणतं लिहायचं? सह्या करणाऱ्यांनी पदवीच्या वेळचं नाव लिहायचं आहे, तसा रकानाच आहे. उमेदवाराच्या जागी मात्र नुसतं "पूर्ण नाव" छापलंय. तू सांगशील ते.

तुझी,
बारकी


२५ जानेवारी

वहिनीबाई,

वीस सह्या सोबत आहेत. पाकीट जड लागलं म्हणून पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, आत आमची वहिनी आहे, जपून न्या.

सह्या मागायला मला मजा आली. दुकानात जो येईल त्याला आधी विचारायचं, शिक्षण कुठे झालं? आपल्याकडचं निघालं की औषध हातात द्यायच्या आधी कागद पुढे करायचा. आजारी माणूस वाद घालत नाही. अडला तो बँकेतला अधिकारी. "मला यात कशाला ओढता?" म्हणाला. मी म्हटलं, साहेब, तुम्ही दिवसभर लोकांच्या सह्या मागता, आज लोकांनी एक मागितली तर बिघडलं कुठे? केली त्याने, पण कडू गोळी गिळल्यासारखं तोंड करून.

तुझी कीर्ती गाताना मी हात आखडता घेतला नाही. जिन्यातल्या दिव्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली. संध्याकाळच्या वर्गांच्या जिन्यात दिवा नव्हता, मुली भिंत चाचपत उतरायच्या, अर्ज करून करून सगळे थकले. मग आमच्या उमेदवाराने एक दिवस सगळा वर्ग उचलून प्राचार्यांच्या दारात बसवला आणि दिवा लागेपर्यंत एकालाही उठू दिलं नाही. एवढं ऐकलं की माणूस खिशात पेन शोधायला लागतो.

माझी स्वतःची सही मात्र केली नाही. मला पदवीच्या वेळचं नाव लिहावं लागलं असतं, म्हणजे तुझंच. एका अर्जावर तेच नाव वरही आणि खालीही दिसलं की कारकुनाला वाटायचं, या बाईने स्वतःच स्वतःला सुचवलं. बघ, किती पुढचा विचार करते मी. माझ्याऐवजी चष्मेवाल्यांच्या बायकोची सही घेतली आहे, त्याही आपल्याकडच्याच.

आणि हे काय विचारणं झालं? नाव आत्ताचंच लिही. माहेरच्या नावाने आता तुला ओळखतं कोण? माझ्या बापाच्या आडनावाला त्या मंडळात जरा मान मिळू दे. तू निवडून आलीस असंच मी धरून चालले आहे.

तुझी,
दांडगी


९ फेब्रुवारी

वन्सं,

खुर्चीत बसून वाच. दुकानात वाचत असशील तर आधी गिऱ्हाइकं वाटेला लाव.

काल अर्जांची छाननी झाली. दुपारी उमेदवारांची यादी कचेरीबाहेरच्या फळ्यावर लागली. दोनच नावं, कंत्राटदारांचं आणि आपलं. मी चष्मा लावून जवळ गेले. नाव बरोबर, आडनाव बरोबर, आणि मध्ये तुझ्या दादाच्या नावाऐवजी मामंजींचं नाव. मला हसू आलं. म्हटलं, छापताना नवऱ्याच्या जागी सासरा बसवला यांनी. दुरुस्त करून घ्यावं म्हणून आत गेले.

कारकून चांगला माणूस आहे. त्याने पदवीधरांची यादी उघडून दाखवली. "बाई, नाव तेच, आडनाव तेच, विषय तोच, वर्ष तेच. फक्त मधलं नाव तुम्ही चुकीचं लिहिलं होतं. ते मी यादीप्रमाणे दुरुस्त करून घेतलं, नाहीतर अर्ज बाद झाला असता." माझ्यावर उपकार केल्यासारखा तो हसत होता, आणि मी यादीतली ती ओळ पुन्हा वाचली.

कळलं का काय झालं ते? यादीतली ती बाई मी नाही. यादीत मी माझ्या माहेरच्या नावाने आहे, चार पानं पुढे. ती बाई तू आहेस, लग्नाआधीची. तू अर्जाच्या खालच्या बाजूला इतकी सावध राहिलीस आणि वरच्या बाजूला आपण दोघी फसलो.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण इतकी वर्षं गढूळ पाण्याला गढूळ म्हणत आले, आता तोंडात मूग धरून बसणं मला जमेना. तशीच कुलसचिवांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. ते आधी कपाळाला हात लावून बसले. मग नियम काढून वाचले. म्हणाले, याला आम्ही नामसाधर्म्य म्हणतो. तुमच्या नावाने नवा अर्ज आता घेता येणार नाही, मुदत संपली. पण यादीतल्या त्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत आपल्या सहीने संमती पाठवली, आणि वीस माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावाला पाठिंबा असल्याचं पुन्हा लिहून दिलं, तर हा अर्ज टिकेल. नाहीतर बाद.

बाद म्हणजे कंत्राटदार बिनविरोध. तेव्हा उमेदवार तू आहेस, वन्सं. नमस्कार करते, मला वाकता येतं.

तुझी,
बारकी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

मला जमणार नाही.

तू कुलसचिवांना सांगितलंस ते योग्यच केलंस. मी असते तर गप्प बसले असते आणि वर्षभर झोपले नसते. पण पुढचं माझ्याच्याने होणार नाही. तुझ्यासाठी मी जगाच्या दारात जाऊन सही मागीन. स्वतःसाठी मागायची म्हटली की जीभ टाळूला चिकटते. काल चष्मेवाल्यांकडे गेले. चांगली ठरवून गेले होते. आत जाऊन काय केलं तर माझ्या चष्म्याची काडी घट्ट करून घेतली आणि परत आले. काडी सैल नव्हतीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

तू म्हणालीस तेही खरं आहे. ती निवडणूक मी विसरले नाही. वर्गात सगळ्यांचे अर्ज मी लिहून द्यायचे, सगळ्यांची भांडणं मी भांडायचे, आणि मतं मोजली तेव्हा बोटांवर मावतील एवढी निघाली. लोकांना मी भांडायला हवी असते, बसायला नको असते. तेव्हाच मनाशी ठरवलं, आपण ढकलणाऱ्या. गाडीत दुसरं कुणी बसावं.

आणि नाव म्हणशील तर ते माझं उरलंय कुठे? मी टाकून गेले. तीस वर्षं तू ते लावलंस, त्या नावाने पगार घेतलास, त्याच नावाने तुझ्या प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती. आता मी येऊन म्हणू, दे माझं परत? मी इथे दुकानवाल्या बाई आहे, तेच बरं आहे.

सुनेला सांग, आत्याला माफ कर. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

दांडगी


१८ फेब्रुवारी

वन्सं,

फोन केला नाही. तू उचलला नसतास आणि माझं वाक्य पहिल्यांदाच पुरं झालं असतं.

एकच विचारते. जिन्यातला तो दिवा कुणी लावून घेतला?

तू वीस माणसांना ती गोष्ट माझी म्हणून सांगितलीस. मी पत्रात वाचली तेव्हा हसून सोडून दिली, म्हटलं हिला माझं कौतुक करायला दुसरं काही सापडलं नसेल. पण त्या दिवशी मी कुठे होते? वर्गाच्या अगदी मागे, भिंतीला टेकून, घाबरून. प्राचार्य बाहेर आले तेव्हा सरकत येऊन तुझ्या पाठीमागे लपले. वर्ग उचलून नेणारी तू. "दिवा लागल्याशिवाय कुणी उठायचं नाही" म्हणणारी तू. माझं नाव घालून तू तुझीच गोष्ट सांगत फिरलीस आणि तुझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

म्हणजे त्या वीस माणसांनी सह्या केल्या त्या तुझ्या कामावर. नाव माझं होतं आणि काम तुझं. कारकुनाने चूक केली म्हणतात, मला वाटतं त्याने एकट्यानेच बरोबर केलं.

आणि गाडी ढकलणाऱ्याचं म्हणशील, तर तुला पाडलं त्या वर्गातली निम्मी पोरं तेव्हा तुला घाबरायची. आता ती माणसं साठीला आली आहेत आणि त्यांच्या मुली-सुना त्या जिन्याने उतरतायत. जाऊन विचार तर खरं. भीड ही भिकेची बहीण, हे मला तूच सांगायचीस, मी कुणाला नाही म्हणू शकत नव्हते तेव्हा. ती भीड मागतानाही आड येते, हे मला तुझ्याकडे बघून कळलं.

नाव मी फक्त वापरलं. झिजवलं नाही. घे.

तुझी,
बारकी

ता. क. आत्या, मी सून. आईंनी पत्र पाकिटात घालायला दिलं म्हणून दोन ओळी. तो दिवा अजून आहे. दिवा बदलला असेल, पण जागा तीच आहे. कुणी लावला ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.


२४ फेब्रुवारी

वहिनीबाई,

सुनेच्या दोन ओळींनी माझी खोड मोडली. तुझ्या दोन पानांना मी पुरून उरले असते.

पत्र पदरात बांधल्यासारखं घेऊन निघाले आणि आधी चष्मेवाल्यांकडेच गेले. काडी या वेळी पुढे केली नाही. एका दमात सगळं सांगितलं. नामसाधर्म्य, मधलं नाव, दिव्याची गोष्ट माझी, सगळं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "अहो, मी तेव्हा वरच्या मजल्यावर गणिताच्या तासाला होतो. खाली कुणीतरी ओरडत होतं ते आम्हाला ऐकू येत होतं. तुम्ही ती गोष्ट वहिनींची म्हणून सांगितली तेव्हाच मी बायकोला म्हटलं, आवाज तर याच बाईंचा होता." आणि तरी हा माणूस महिनाभर माझ्यासमोर गप्प. वर म्हणतो, तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होता की माझाच कान खोटा वाटला.

त्यानंतर जीभ सुटली. एकीकडे गेले, दुसरीकडे गेले. कुणी चहा पाजला, कुणी म्हणालं आधीच का नाही उभ्या राहिलात. मी रस्त्यात दोनदा डोळे पुसले, औषधाचा वास झोंबला असं कारण सांगायलाही कुणी जवळ नव्हतं.

बँकेतल्या साहेबांनी मात्र पाय मागे घेतला. "आधी एक बाई, आता दुसरी बाई, मला हे घोळ नकोत." मी भांडले नाही. पहिल्यांदाच भांडले नाही, बघ.

तर एकोणीस झाल्या, वहिनी. सोबत पाठवते आहे. संमतीचा कागदही आहे, माझ्या जुन्या सहीचा. आधी औषधाच्या पिशव्यांवर गिरवून बघितली. हाताला आठवत होती. मध्ये बाबांचं नाव लिहिताना पेन जरा अडलं, एवढंच.

विसावा माणूस इथे मला सापडत नाही आणि मुदत चार दिवसांवर आली आहे. इतकं करून एका सहीवर घोडं अडलं तर मला रडू येईल, आधीच सांगून ठेवते.

तुझी,
दांडगी


२८ फेब्रुवारी

वन्सं,

तुझं पाकीट आज सकाळी मिळालं. मी घरातल्या चपलांवरच कचेरीत गेले.

कारकुनाने कागद मोजले आणि मान हलवली. "एक कमी आहे, बाई." मी म्हटलं, पेन द्या. तो म्हणाला, तुम्ही कशा? तुमचं नाव तर... मी म्हटलं, माझं नाव चार पानं पुढे आहे, काढा.

आणि मी माझी सही केली. आईबाबांच्या घरची. लग्नानंतर ती एकदाही केली नव्हती. तुझ्यासारखी मला ती आठवली नाही. पहिलं अक्षर शाळेतल्या पोरीसारखं मोठं आणि वाकडं आलं, पुढची त्याच्यामागून ओळीने आली. कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "सापडलात बाई तुम्ही," म्हणाला. त्याला काय कल्पना, पण मी तिथे टेबलाला धरून रडले. वाईट वाटून नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला त्या नावाने शोधलं होतं.

नणंदेला भावजयीने सुचवलं, घरचाच मामला, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. मी तुला नातं लागायच्या आधीपासून ओळखते, आणि सही त्याच बाईची आहे.

अर्ज टिकला. आता कंत्राटदारांनी काय ते बघावं.

तुझी,
सही ओळखलीस तर ओळख


६ जून

वहिनीबाई,

चार दिवस तुझ्याच घरी राहून आले आणि तरी पत्र लिहिते आहे. समोरासमोर हे बोलायला गेले असते तर मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली असती.

निकाल लागला त्या दिवशी तू फोनवर नुसती हसत होतीस. मी आकडा तीनदा विचारला. वर्गातल्या त्या मतांचा हिशेब माझ्याकडून आता मिटला.

बैठकीचं तुला घाईघाईने सांगितलं होतं, आता नीट ऐक. लांबलचक टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास, आणि प्रत्येकापुढे नावाची पाटी. विषय आला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, संध्याकाळच्या वर्गांना विद्यार्थी कमी, खर्च जास्त. मी उठून ओरडणार होते. मग तुझं आठवलं आणि हळू आवाजात विचारलं, इथे बसलेल्यांपैकी त्या जिन्याने कोण कधी उतरलं आहे? एकाने ग्लासावरचं झाकण काढलं. म्हटलं, मग आजची बैठक संपल्यावर सगळे मिळून उतरू, आणि बंद करायचं की नाही ते खाली गेल्यावर ठरवू. दोघांनी घड्याळ बघितलं, पण आले. वर्ग सुटायची वेळ होती. पोरी-पोरं कामाच्या कपड्यांतच खाली उतरत होती, पिशव्या, डबे, वह्या घेऊन. तुझी सून त्यांच्यात होती. तिने मला ओळख दाखवली नाही, शहाणी आहे. खाली अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले, आत आहेत त्यांचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत वर्ग चालू ठेवू. नवीन प्रवेशांचं पुढच्या बैठकीत. सगळं मिळालं नाही, पण सुनेचं वर्ष मिळालं. बाकीच्यासाठी मी आहेच. आणि चहा कुणाच्याही अंगावर सांडला नाही, हे खास नमूद करते.

माझ्या नावाची पाटी मी शिपायाला विचारून तुझ्या घरी आणली होती. निघताना तुझ्या कपाटावर, काचेच्या बरण्यांमागे ठेवून आले. इतक्यात सापडली नसेल तर आता काढ. इथे आणली असती तर दुकानात लोकांनी विचारलं असतं, ही बाई कोण?

तुझ्या घरात ती कुणाला परकी वाटणार नाही. नुसतं मधलं नाव बोटाखाली झाक आणि वाच. बैठकभर मी तसंच बोट ठेवून बसले होते.

तुझी,
दांडगी